ढोलवालीला कोणी उचलू नये

मी, घड्याळजींची विधवा, वय वर्षे एक्क्याऐंशी, लिहिता-वाचता न येणारी पण मोजता सगळे येणारी, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे) हे मृत्युपत्र निवृत्त मास्तरांकडून लिहवून घेत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो देताना त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिले, हेही नोंदवावे.

१. मागची खोली सोडून राहते घर दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. शिवणयंत्र धाकट्या सुनेला. जावेने नेलेले मोठे पातेले तिच्याकडेच राहावे. ते माझे आहे हे ती तीस वर्षे विसरली, आता कायद्याने विसरावे.

२. मागच्या खोलीतल्या टेबलावर शिशाच्या खेळण्यातल्या शिपायांच्या दोन फौजा आहेत, निळी व तांबडी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या, तिकोनी टोप्यांच्या. यजमानांनी जन्मभर जमवल्या आणि दर रविवारी फासे टाकून लढवल्या. पट्टे, बटणे, बंदुका त्यांनी रंगवल्या, चेहरे मी. डोळे सर्वांत शेवटी, तीन केसांच्या ब्रशाने. डोळ्यांशिवाय शिपाई लढाईत उतरत नसे. मी ओळखीचेच चेहरे काढी, पण गेलेल्यांचे. सासूबाई तांबड्यांची तोफ ओढतात.

३. चूक माझी. एकदा थट्टेने निळ्यांच्या निशाणवाल्याला यजमानांचा चेहरा दिला. "मिशी जरा जास्तच दिलीस," एवढेच ते म्हणाले. नात तेव्हा नऊ वर्षांची. तिने हट्ट धरला, म्हणून निळ्यांच्याच ढोलवाल्याला तिचा दिला आणि तो ढोलवाली झाला. त्याच रविवारी फासे उलटे पडले. यजमानांचा नियम होता, टेबलावरून उचलला तो मेला. निशाणवाला त्यांनी स्वतः उचलून डब्यात टाकला. आठव्या दिवशी आम्ही त्यांना उचलले.

४. त्यानंतर तिथे कोणी खेळलेले नाही. तरी तांबडी रांग दरसाल बोटभर ढोलवालीकडे सरकते. धुळीत मागे ओरखडे आहेत. थोरला म्हणतो, "आई, टेबल कलतंय." कलते खरे, पण उलट्या बाजूला. त्याने फौजांना गिऱ्हाईकही पाहून ठेवले आहे. म्हणून खोली व टेबल नातीच्या नावे करते. ढोलवालीला कोणी उचलू नये. विकायला नाही, पुसायलाही नाही.

५. उचलता येत नसले तरी राखीव शिपाई कडेने आणता येतो, हाही यजमानांचाच नियम. डब्याबाहेर एक बिनडोळ्यांचा उरला होता. आज सकाळी त्याला माझा चेहरा व डोळे दिले आणि ढोलवालीच्या पुढे उभा केला. थोडी तिरळी झाले आहे. मी पडले तर तिथेच पडू द्यावे. आडवी पडलेली बाईही वाट अडवते.

लिहायला बसताना मास्तरांनी मोजले: तांबडी रांग माझ्या शिपायापासून चार बोटे.

मजकूर वाचून दाखवला, पटला, अंगठा दिला.

डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: डॉक्टर (सही), शेजारचे शिंपी (सही)
ठिकाण: मागची खोली. दिनांक १२ मार्च, दुपारी चार.

लिहिणाऱ्याचा शेरा: अंगठ्यानंतर पुन्हा मोजले. तीन बोटे. टेबलाला कोणाचाही हात लागलेला नाही. आजी म्हणाल्या, "मास्तर, शाई वाळेपर्यंत चहा घ्या. घाई त्यांना आहे, मला नाही."