मास्ट पेशीपुढं लिहिलेलं नाव

श्रीरामपूर, बुधवार

ती. गोजरआत्यास,

भारतीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, आणि राग कसा आहे? (गुडघ्यांचं आईनं विचारायला सांगितलंय, रागाचं मी विचारतेय.) फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कल्याणकाकांच्या हाती पाठवतेय.

आत्या, तो तक्ता मी तुझी टर उडवायला केला नव्हता गं. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला शरीर जोडून ठेवणाऱ्या ऊतीतल्या पेशी पाठ कराव्या लागतात, आणि मला नुसती नावं काही केल्या लक्षात राहत नाहीत. म्हणून प्रत्येक पेशीपुढं घरातलं एकेक माणूस लिहिलं. धागे विणून जखम सांधते ती फायब्रोब्लास्ट, म्हणजे वाकळा शिवणारी आजी. मेलेलं, सडकं, बाहेरून घुसलेलं सगळं गिळून साफ करते ती मॅक्रोफेज, म्हणजे कल्याणकाका (त्यांनी वाचलं आणि खूशच झाले). चरबीची पेशी अडीअडचणीला साठवून ठेवते, तिथं आई. आणि मास्ट पेशीपुढं लिहिलं, 'गोजरआत्या. उगाच भडकते, मग सगळ्यांना सूज.' चिकटवला कुठं, तर फ्रिजच्या दारावर. तू कुरडया घेऊन बेलापूरहून येणार हे माहीत असूनही काढायचं सुचलं नाही, एवढी मी शहाणी. "मी उगाच भडकते व्हय?" एवढंच म्हणालीस आणि चहा न घेता, कुरडयांसकट परत गेलीस. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

पुढं ऐक. तोंडी परीक्षेत मॅडमनी नेमकी मास्ट पेशीच विचारली. मी म्हणाले, उगाच भडकते. त्या म्हणाल्या, उगाच नाही. आत काहीतरी घुसलंय हे तिला आधी कळतं, तिनं बोंब ठोकली की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बाकीच्या पेशी मदतीला धावतात. मला एकदम आठवलं, सहा वर्षांची असताना तुझ्या मळ्यात मला विंचू चावला, तेव्हा तू अशी ओरडलीस की सगळी वस्ती गोळा झाली. (कल्याणकाका तेव्हा जेवत होते.) मग मला रडूच फुटलं, पुढचं एकही उत्तर आलं नाही, आणि मी नापास झाले. चुकलंच माझं, आत्या.

तुझीच,
भारती

ता. क. येत्या मंगळवारी पुन्हा तोंडी आहे. दर परीक्षेला माझ्या हातावर दही-साखर तू ठेवतेस. गेल्या वेळी मी तशीच गेले होते. सोमवारी मुक्कामाला ये. (कुरडया आणल्यास तर आईही बोलायला लागेल.)

आणखी एक ता. क. तक्त्यावरचं तुझं नाव मी खोडलेलं नाही. 'उगाच' तेवढं खोडलंय.