वाळूवरचे मऊ तुकडे

६ नोव्हेंबर
आले एकदाची एडवणला! बोईसरच्या खोलीला कुलूप लावताना जरासुद्धा वाईट वाटलं नाही. चार वर्षं कंपनीच्या लॅबमध्ये सॉल्व्हंटचा वास घेत काढली. डोकं असं ठणकायचं की शिफ्टच्या बसमध्ये बसल्याबसल्या रडू यायचं. आता नोकरी नाही आणि घाईही नाही. बळवंतकाका आणि जयवंतीकाकूंच्या वाडीत मागची खोली भाड्याने मिळाली आहे. पुढे केळी, मागे नारळ, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग नुसता समुद्र. काकूंनी आल्याआल्या तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. परभणीला आईला कळलं तर नाक मुरडेल. मी पुन्हा मागून घेतलं.

९ नोव्हेंबर
सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन बसते. कुणी बोलत नाही, कुणी हाक मारत नाही. फार बरं वाटतं. पण नजर जाईल तिथे घाण: भरतीने आणून टाकलेले डायपर, कुजक्या चपला, जाळ्यांचे तुकडे आणि त्यांत अडकून फुगलेले मासे. आज हातमोजे चढवले आणि पोतं भरलं. आपण कशाच्या तरी कामाचे आहोत, असं कितीतरी दिवसांनी वाटलं. कचऱ्यात काही पांढरट मऊ गोळेही होते, दुधाच्या सायीसारखे, उचलले की बोटांमधून ओघळणारे. जेलीफिश असावेत. किळस आली, पण सोडले नाहीत. सुरूखाली खड्डा खणून पुरून टाकले.

१४ नोव्हेंबर
आता रोजचं काम झालं आहे हे. किनाऱ्याचा आपल्या वाडीसमोरचा भाग ओळखू येत नाही, इतका स्वच्छ. गोळे मात्र रोज असतात, लांब लांब विखुरलेले. आज काकूंनी विचारलं, ते पांढरं कुठे टाकतेस. मी खड्डा दाखवला. त्यांचा चेहरा उतरला.
"कचरा उचल बाय, पन ते मऊ मऊ नको उचलू. जिथं पडलं तिथं सुटं राऊ दे. आमी कोन हात लावत नाय त्याला."
कारण विचारलं तर घरात निघून गेल्या. इथल्या लोकांना घाणीची सवय झाली आहे, असं माझ्या मनात आलं. मी उचलत राहिले.

१९ नोव्हेंबर
हाताचा वास जात नाही. नासलेल्या दुधासारखा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालं. भाताचा घास तोंडाशी नेला की तोच वास. सकाळपासून उलट्या. खड्ड्यावर एक माशी बसत नाही. गावातली कुत्री माशांच्या आतड्यांवर तुटून पडतात, पण इकडे फिरकत नाहीत. आजच्या एका गोळ्यात केस होते. माणसाचे, लांब.

२१ नोव्हेंबर
खड्ड्यावरची माती फुगून वर आली होती. फावड्याने उकरली. आत सुटे गोळे नाहीतच. एकच आहे. सलग, गोणीएवढं. वरून ओली, कोमट कातडी आणि तिच्यावर खळगे. माझ्या बोटांचे. जिथे जिथे मी धरलं होतं तिथे तिथे. फावडं लागलं तशी कातडी आक्रसली, तान्ह्या पोराचं पोट आक्रसतं तशी. मी तिथेच ओकले. आणि ते ओकलेलं त्याने — आत ओढून घेतलं. सगळं.

२२ नोव्हेंबर
बळवंतकाकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांच्या लहानपणी त्यांच्या चुलत्याने असेच गोळे नारळाला खत म्हणून गोळा केले होते, म्हणाले. ते सगळे मिळून एक झाले, आणि चुलता सापडला तो त्याच्या आत. बाहेर फक्त तोंड, आणि ते हसत होतं. तुकडे करून ओहोटीबरोबर सोडून द्यावं लागलं. चुलत्यासकट.
"सुटं हाय तवर काय नाय," म्हणाले. "एक झालं की त्याला मानूस लागतो, स्वरा. उद्या सकाळी पानी उतरलं की कापू."

२३ नोव्हेंबर
खड्डा रिकामा. वाळूवर चिकट पट्टा, सरळ माझ्या दारापर्यंत. माठातल्या पाण्यावर साय धरली आहे. मी उठल्या उठल्या त्यातलंच प्यायले —

२३, थोड्या वेळाने
अंथरुणात होतं. चादरीखाली. चादर ओढायला गेले आणि उजवा हात — डाव्या हाताने लिहिते आहे. मनगटापर्यंत आत. ओढला तर कातडी लांबते. माझी की त्याची, कळत नाही. दुखत नाही. सगळ्यात घाण हेच. दुखत नाही, बरं वाटतं —

माझी हाक ऐकून काकू धावत आल्या. वही पुन्हा पुढ्यात सरकवली. तिकडे बघू नकोस, लिहीत राहा म्हणाल्या. रडतायत. काका कोयता घेऊन आले. हात जाईल पण तू वाचशील, म्हणाले.

कोपरापर्यंत आलं —

लवकर करा, असं ओरडायचं होतं. तोंडातून साय आली. गोडसर. थुंकायला हवी होती. गिळली. पुन्हा —

काकांनी कोयता उचलला. मी गिळताना त्यांनी पाहिलं. थांबले. काकूंकडे बघितलं. आता ते हाताकडे बघत नाहीत. दोघंही माझ्या गळ्याकडे —