दार वाजवून

मंगळवार, संध्याकाळ. राहाता.

कोंबड्यांची शेड आजपासून लेकीच्या ताब्यात. सुमनला जमेल का, हाच घोर दिवसभर. शेवटी न राहवून गेलोच आणि सरळ दार लोटलं.

आतून दबका आवाज आला, "अप्पा, आधी दार वाजवा. नियम तुमचाच हाय."

माझाच. एकदम कुणी शिरलं की कोंबड्या बिथरून कोपऱ्यात एकमेकींवर चढतात, खालच्या गुदमरतात. हे मला कुणी शिकवलं नाही, पहिल्याच लॉटला मेलेल्या उचलताना शिकलो. मग आज विसरलो कसा? की शेड अजून माझीच वाटत होती?

दार ओढून घेतलं. हळूच दोनदा वाजवलं.

"या," ती म्हणाली.

घरी बायकोनं विचारलं, "लेकीनं हाकललं व्हय?"

म्हटलं, "न्हाई. आत घेतलं."