दोनशे बारा जनावरं

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. लसीचा बर्फाचा डबा धुऊन उन्हात उपडा ठेवला, झाकण फडक्याने कोरडं केलं आणि ओट्यावर लिहायला बसलो.

तीर्थरूप मोठेबाबा,

तुमच्या आणि मोठीआईच्या पायांवर जीवनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? हर्षदीपदादाच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का, की अजून चार मजले चढता? इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला कमी आहे, वावरातली कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी झाली आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता, आणि ही गोष्ट तेवढ्यात मावणारी नाही. चिठ्ठी आजच्याच नागपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ देतो, हर्षदीपदादा संध्याकाळी स्टँडवरून घेईल.

आनंदाची बातमी आधी सांगतो. सुपरवायझरसाहेबांनी खोटं लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं नाही. दुसरी बातमी अशी की माझी नोकरी बहुतेक जाणार. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातून डिसेंबरात निवृत्त झालात आणि केवळ तुमच्या शब्दावर, इंटर अर्धवट सोडलेल्या मला तुमच्या जागी कंत्राटावर घेतलं गेलं. म्हणून काय काय झालं ते तुम्हाला क्रमाने कळवणं माझं कर्तव्य आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला लाळ्या-खुरकुताची लस आली. गावाच्या नावाने ३५५ डोस, कारण मागच्या वर्षीच्या रजिस्टरात जनावरं ३५५. मी घरोघरी फिरून एकूण एक जनावराला सुई दिली (एका म्हशीने मलाही दिली, शिंगाची). सगळी मिळून भरली १४३. मला वाटलं, मीच चुकलो. मग एका सकाळी गावची गुरं चारणाऱ्या गायक्याबरोबर रानात जाऊन गाई-म्हशी पुन्हा मोजल्या. त्या बरोबर निघाल्या. राहिले बैल. बैल घरी असतात, वावरात असतात, कोणाकडे उसने गेलेले असतात. ते सगळे एका जागी उभे राहतील असा दिवस वर्षातून एकच, तो म्हणजे पोळा. तोरणाखाली ओळीने बैल उभे असताना मोजणी करावी, ही कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. एक बैल दोनदा मोजला जाऊ नये म्हणून जखमेवर लावायचं जांभळं औषध मी सोबत घेतलं आणि मोजलेल्या प्रत्येक बैलाच्या पाठीवर एक ठिपका देत गेलो. अकरावा बैल जयवंताबाईंचा होता. पांढराशुभ्र, आणि त्यावर आदल्या रात्रीपर्यंत शिवत बसून केलेली नवी झूल. ठिपका झुलीवर पडला.

"काऊन रे जीवन, सणाच्या दिवशी बैलाले डाग देऊन राह्यला? सरकारनं जप्त केला का माहा बैल?" असं त्या सगळ्या गावासमोर म्हणाल्या. मी तिथेच साबण लावून झूल घासली. डाग पसरून ताटलीएवढा झाला. पुढे उभ्या असलेल्या दोघांना वाटलं ही लसवाल्या बैलाची खूण आहे, आणि आपल्या बैलाला ठिपका लहान पडला म्हणून ते मोठा मागायला लागले. एवढं होऊनही मोजणी मी पूर्ण केली. दोन बैल जास्त भरले. ते जयवंताबाईंच्या जावयाचे निघाले, सणाला आलेले. ते वजा केल्यावर पुन्हा १४३.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहा मागवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, त्यामुळे मी घाबरलोच. त्यांनी मागच्या वर्षीचं रजिस्टर पुढे ढकललं. "अरे जीवन, पिछले साल तीन सौ पचपन. बाकी दो सौ बारह कहाँ गए? शेर खा गया क्या?" मी म्हटलं, साहेब, वाघाने खाल्लं असतं तर जंगलखात्याचा एकेक पंचनामा असता. (हे मी चिडवायला म्हटलं नव्हतं. खरंच तसा नियम आहे.) मग ते मऊ आवाजात म्हणाले की ३५५ लिही, उरलेली लस मोरीत ओत, रिकाम्या बाटल्या जमा कर, लेक्का बराबर होना, हिशोब जुळला पाहिजे. सप्टेंबरपासूनची तुझी ऑर्डर या ड्रॉवरमध्ये आहे, सही बाकी आहे. आणि थोडा घर की इज्जत का सोच. (या वाक्याबद्दल खाली लिहिलं आहे.)

मोठेबाबा, तुमच्यापासून लपवत नाही. मी एक बाटली घेऊन मोरीपर्यंत गेलो होतो. झाकणही उचकटलं होतं. पण बाटली हातात गार लागली. आठ तास लाइट गेली तेव्हा आदिलाबादच्या आइसकँडीवाल्याकडून बर्फ आणून, एका हाताने डबा धरून, एका हाताने गाडी चालवत मी तिला गार ठेवली होती. मोरीत ओतायचीच होती तर ती एवढी सांभाळली कशाला? मी झाकण पुन्हा दाबून बसवलं, उरलेल्या सगळ्या बाटल्या साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडल्या, रजिस्टरात १४३ आकड्यात आणि अक्षरात लिहिलं आणि बाटल्यांची पोच मागितली. पोच मिळाली नाही. शिव्या मिळाल्या, त्या मोजल्या नाहीत. मात्र कॉम्प्युटरवरच्या मयूरीबाईंनी १४३ तसाच वर चढवून दिला. त्यामुळे आता मंगळवारी आदिलाबादहून मोठे डॉक्टर दोन्ही वर्षांची रजिस्टरं पाहायला येत आहेत.

माझी मान ताठ आहे. आई म्हणते, ऑर्डर नाही आली तर वावर आहेच.

तुमचा आज्ञाधारक,
जीवन

ता. क. १. मागच्या वर्षीच्या रजिस्टरवर सही तुमची आहे. घरच्या इज्जतीचा अर्थ तो. १४ सप्टेंबर या एका तारखेला तुम्ही गावात ६१ जनावरांना लस दिल्याची नोंद आहे. त्या दिवशी हर्षदीपदादाच्या अपूर्वाचं बारसं नागपूरला होतं. तुम्ही पहिल्या पंगतीत होता. जिलबी मी वाढत होतो.

ता. क. २. त्या ६१ मध्ये, रजिस्टराच्या अठ्ठ्याऐंशी नंबरवर, डोमाजींचा बैल आहे. दिवाळीत तो लाळ्याने पडला तेव्हा लस देऊनही रोग झाला, हे नशीब, असं तुम्ही त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते मानलं. साहेबांनी मला ते पान फाडायला दिलं होतं. मी फाडलेलं नाही.

ता. क. ३. म्हणून विनंती. उद्या, सोमवारच्या बसने या. डॉक्टरांनी मला विचारलं तर मी खरं सांगेन, पण माझ्याआधी तुम्ही सांगितलंत तर मला फार बरं वाटेल. सुई धरायला तुम्हीच शिकवलं आहे, हेही मी त्यांना सांगणार आहे.

ता. क. ४. डोमाजींना तुम्ही येणार एवढंच सांगितलं आहे. ते खूश आहेत. स्टँडवर बैलगाडी घेऊन स्वतः येणार आहेत. बैल तोच. मागच्या पायाने लंगडतो, त्यामुळे गावात पोचायला तासभर लागेल. त्यांना काय सांगायचं ते तेवढ्या वेळात सांगून होईल.