घट बसायच्या आधी माशांची टाकी

शनिवार, संध्याकाळ

संताप उतरतच नाही. उद्या घट बसणार म्हणून आत्याने सगळं घर धुतलं, आणि मी क्लासला गेल्यावर माशांची टाकीसुद्धा! होतं ते पाणी मोरीत ओतलं, खडे भांड्यांच्या पावडरीने घासले आणि थेट नळाचं पाणी भरलं. आता सोनेरी मासा वर तोंड काढून धापा टाकतोय.

"देव बसणार आणि घरात हे हिरवं पाणी? मासेही आंघोळ करतील की जरा!" आत्या म्हणाली.

आठवड्याला फक्त पाव टाकी पाणी बदलायचं, तेही रात्रभर बादलीत ठेवलेलं, हे मला बाबांनीच शिकवलं. आणि ते समोर पेपर वाचत बसले होते! म्हणे, "मोठी बहीण आहे, तिला काय सांगणार?"

मग मीच बोलले. जास्त बोलले का? आत्या जेवली नाही. पण मासा अजून तसाच, तोंड वर.

आत्ता बाबा खोलीत आले. "क्लोरीन जायचं औषध टाकलंस ना?"

टाकलं. पण हेसुद्धा त्यांनी कुजबुजत विचारलं, आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून!