कूपरेजला जायचं ते जायचंच

हिराची आई,

हंडा आधी खाली ठेव, मग वाच. हिराच्या छातीचा नवा फोटो आला. डाग गेलाय. मुंबईच्या दवाखान्यात न्यायची गरज नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही.

मी ड्यूटीवर चाललोय. हिरा शेजारी रतनबाईकडे आहे.

ट्रंक रिकामी करू नकोस. फक्त दवाखान्याचे कागद काढ आणि तिचे कॅनव्हासचे बूट भर. तिनं भिऊ नये म्हणून आपण मुंबईला कूपरेजचं फुटबॉल मैदान बघायला जायचंय असं सांगितलं, तेव्हापासून पोर दुसरं काही बोलत नाही. इथं लष्कराच्या मैदानावर तिनं गोलचे नुसते खांब बघितलेत. काल विचारत होती, "दादा, बॉल जाळीत गेला की आवाज होतो का?" आपला गोरक्ष कूपरेजला गवताला पाणी मारतो, तो सकाळी आत सोडेल.

मला चोरून सोमवार धरत होतीस, ते मला ठाऊक आहे. आज सोमवार असला तरी जेव. आमटी मी केलीय, तिखट झाली असेल.

शनिवारच्या एसटीची तिकिटं तशीच ठेवलीत. आपण तिच्याशी खोटं बोललो होतो. आता ते खरं करून येऊ.

रंगनाथ