भागिरथाचा बाजा

४ ऑक्टोबर

अल्ताफ वेडा आहे! आजोबांच्या वेळचे भोंग्याचे बाजे दुरुस्त करून विकायचे म्हणतो. चावी भरून वाजणारे ग्रामोफोन — आजच्या काळात, वाशिमात! आणि जाहिराती कशा पाहिजेत, तर शंभर वर्षांपूर्वी पेपरात यायच्या तशा. नक्षीची चौकट, जाड मथळा, बोट दाखवणारा हात, हातानं काढलेलं चित्र. रविवारी रविवारी एक, जिल्ह्याच्या पेपरात. फ्लेक्सवर वाढदिवसाचे भाऊ आणि दादा चिकटवून माझं डोकं बधिर झालंय. लगेच हो म्हटलं. एकच अट — खाली माझं नाव. तर म्हणतो, "तुहं नाव नाही आलं त माह्या दुकानाले कुलूप लाव."

९ ऑक्टोबर

पहिल्या जाहिरातीचा मजकूर जमला. 'कुटुंबवत्सल गृहस्थहो! गवई बोलावण्याची यातायात कशास? चावी भरावी, तबकडी लावावी. ऐकता ऐकता जेवण निवाल्यास आमची जबाबदारी नाही.' अल्ताफ हसून हसून दुकानातच खाली बसला. गिऱ्हाईकाला वाटलं, ह्याला काही झालं!

१२ ऑक्टोबर

छापून आली! नाव आहे. मुंगीएवढं, पण आहे.

१४ ऑक्टोबर

जुन्या जाहिरातींचे नमुने बघत बसले. सगळीकडे तेच. लोड-तक्के, टोपीवाला नवरा, नथवाली बायको, मध्ये बाजा. आमच्यातलं माणूस औषधालाही नाही. असणार तरी कुठून!

बाबांना सहज विचारलं, तुमच्या लहानपणी घरात गाणं-बिणं होतं का? बाबा रेल्वेतून रिटायर झाल्यापासून आणखीच कमी बोलतात. आज बोलले. त्यांची आजी भागिरथा, केनवडची. मजुरी करायची. मालकाच्या वाड्यात बाजा लागला की डोक्यावरचा भारा तसाच धरून कुडाबाहेर उभी राहायची. आत जायची सोय नव्हतीच. गाणं संपलं की चालू लागायची. सांगून झालं आणि बाबा उठून पाणी प्यायला गेले.

ठरलं. तिसऱ्या जाहिरातीत बाज्यापाशी भागिरथा बसणार. खुर्चीवर!

१८ ऑक्टोबर

बाबा शेजारी बसून होते, शाळामास्तरासारखे. "नाक रुंद कर. गोंदन कपायाच्या मंधात. डोये अशे नाही — हासरे." म्हातारपणीच पाहिलेली त्यांनी, तरी मी तिला तरुण केली. चांगलं लुगडं नेसवलं. चित्र झालं तर उठून बाहेर गेले. आवडलं नाही वाटतं. जाऊ दे, मला आवडलं! आजपर्यंत एवढं चांगलं हातून काही उतरलं नव्हतं.

खाली नाव टाकलं, साल टाकलं. अल्ताफनं दुकानात दर्शनी लावलं, छापायचं दिवाळीनंतर. भागिरथाची सगळी गोष्ट सांगितली त्याला. नागपूरच्या जाहिरात कंपनीलाही तेच पाठवलं. तिथं लागले तर ह्या फ्लेक्समधून सुटले.

२ नोव्हेंबर

पेपर उघडला.

'नव्वद वर्षांपूर्वीची दुर्मीळ जाहिरात उजेडात!' खाली माझं चित्र. माझी चौकट, माझी भागिरथा. नावाची आणि सालाची पट्टी कापलेली! 'केनवडच्या भागिरथाबाईंच्या घरी त्या काळी स्वतःचा ग्रामोफोन होता, याचा हा पुरावा.' पुरावा म्हणे! आमच्या ओट्यावर मागच्या महिन्यात काढलेला पुरावा! आणि शेवटी — 'वाशिमच्या अल्ताफ यांच्या संग्रहातून.'

भागिरथाचं नाव बाहेरच्या कोणाला माहीत? एकट्या अल्ताफला. मीच सांगितलं. त्यानं तिखटमीठ लावून धंद्याला लावलं.

बाबांनी पेपर नीट घडी करून ठेवला. म्हटलं, तुम्हाला राग नाही येत? "जाऊ दे माय," एवढंच म्हणाले.

३ नोव्हेंबर

दुकानात गिऱ्हाईक होतं. असू दे म्हटलं, ऐकू दे त्यालाही. शाळेपासूनचा दोस्त आणि केसानं गळा कापला! विचारलं, पेपरात तूच दिलंस ना?

"मी नाही देल्लं."

मग कोणी दिलं? तो भोंग्याचा स्क्रू पिळत राहिला. पुन्हा विचारलं तर म्हणतो, "सांगता नाही येत, मंजू."

सांगता येत नाही! तोंडाला येईल ते बोलले. तो बिलंदर आहे म्हटलं, चोर म्हटलं. माझी सगळी चित्रं भिंतीवरून उतरवून घेऊन आले. त्यानं अडवलं नाही. जऊळक्याला घरी येताना गाडीत उभ्यानं रडले, लोक बघत होते.

५ नोव्हेंबर

अल्ताफचा फोन. घेतला नाही. परत आला. नाही म्हणजे नाही.

८ नोव्हेंबर

नागपूरच्या कंपनीतल्या संगीता मॅडमचा फोन आला. चित्र फार सुंदर आहे म्हणाल्या, पण ही तर जुनी जाहिरात, पेपरात वाचली, आम्हाला स्वतःचं काम करणारी मुलगी हवी. कळवळून सांगितलं — माझंच आहे हो, साल खोटं छापलंय! आधीच्या दोन जाहिराती बघा! तर त्या गोड आवाजात म्हणाल्या, मग त्याही कुठून तरी घेतल्या असतील.

माझ्याच चित्राची चोर मी!

तुझं वाटोळं होवो, अल्ताफ. लिहिलं ते लिहिलं. खोडणार नाही.

१० नोव्हेंबर

पेपरच्या ऑफिसात भांडायला गेले. बातमी लिहिणारा अमरसिंग म्हणून आहे. त्यानं आधी मला खुर्ची दिली. मग म्हणाला, "ताई, तुमचे वडीलच त घेऊन आले होते. त्यायच्या मोबाइलात होतं, खालची पट्टी नसलेलं. अल्ताफभाईच्या संग्रहातलं म्हने. अल्ताफभाई त त्याच दिवशी इथं आला, चूक दुरुस्त करा म्हणून. मंग काका आले. आमच्या दोघायपुढं हात जोडले, कोणाले सांगू नका म्हणून."

अल्ताफनं माझ्या शिव्या खाल्ल्या, पण बाबांचं नाव घेतलं नाही.

घरी आले. काहून केलं, एवढंच विचारता आलं. बाबांनी मान खाली घातली नाही.

"जो तो इचारते, तुह्या आजीपाशी बाजा होता का? मी होता म्हंतो. तिच्यापाशी काहीच नोतं, माय. एक बाजा त राहू दे."